दुसरं घरी आहे

सन्माननीय अध्यक्ष सर लायनेल ऑस्टविक, माझ्याआधी बोललेल्या आणि माझ्यापेक्षा कितीतरी गोड बोललेल्या संग्रहालयाच्या डॉ. मॉर्टन, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्री. हॅलम पेटिफर, या लिलावघरातले आजी-माजी कर्मचारी, आणि समोर बसलेले व्यापारी व संग्राहक बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करते, म्हणजे तुमचं लक्ष माझ्या बोलण्याकडे राहील. मघाशी मी आत येत होते तेव्हा दारात फुलं देणारी ती गोड मुलगी माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमचं एक कानातलं पडलंय वाटतं. शोधू का?" मुलगी गुणाची आहे, तिला पगारवाढ द्या. पण ते पडलेलं नाही. मी घरून निघाले तीच एक कान रिकामा ठेवून. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी मघापासून आपापले कान चाचपताहेत, त्यांनीही निश्चिंत व्हावं. ही नवी फॅशन नाही. माझ्या आईला रविवारी चर्चच्या दारात कुणी ना कुणी हेच विचारायचं, आणि ती नेहमी एकच उत्तर द्यायची, "दुसरं घरी आहे."

तर मी एवंथिया कुयुमजी. मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला समारंभांना सहसा कुणी बोलावत नाही. आजचं आमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं, लिफाफा बदलला. पण खाली पेटिफरसाहेबांची सही होती. मी फोन केला. म्हटलं, "तुम्हाला माझंच भाषण हवंय? निरोपाच्या दिवशी? प्रकृती बरी आहे ना?" ते म्हणाले, "मिस कुयुमजी, तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा." तेव्हा अध्यक्षमहाराज, मी आता जे बोलणार आहे त्याची जबाबदारी सत्कारमूर्तींची आहे. मध्येच चिठ्ठी पाठवू नये. मी शिक्षिका होते, मी चिठ्ठ्या जप्त करते.

पेटिफरसाहेबांबद्दल चांगलं बोलायचं तर त्यांचा आवाज. असा आवाज मी फक्त आमच्या इस्तंबूलच्या चर्चमधल्या एका बुजुर्ग धर्मगुरूंचा ऐकला आहे. "एक वार, दोन वार" असं ते म्हणू लागले की माणसाला वाटावं, आपण काही विकत घेत नाही आहोत, आपल्याला आशीर्वाद मिळतो आहे. त्या आशीर्वादाचं बिल नंतर येतं, ती गोष्ट वेगळी.

कुयुमजी म्हणजे सोनार. माझे वडील अनेस्टिस, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, सगळे इस्तंबूलच्या छप्पर घातलेल्या जुन्या बाजारात सोनारकाम करत. आता तुम्ही संग्राहक मंडळी प्राचीन सोनं म्हटलं की हातमोजे घालता. आमच्या बाजारात त्याला 'मातीचं सोनं' म्हणत. शेतकऱ्याच्या नांगराला काहीतरी लागायचं, तो ते धोतरात, म्हणजे त्यांच्या त्या ढगळ पायजम्यात, गुंडाळून बाजारात आणायचा. सोनार तोलायचा, पैसे द्यायचा आणि मुशीत टाकायचा. संध्याकाळपर्यंत महाराणीच्या बांगडीचं कुणाच्या तरी बारशाचं पदक झालेलं असायचं. डॉ. मॉर्टन, तुम्ही डोळे मिटलेत. मिटा. माझे वडीलही मिटायचे.

एकदा असाच एक शेतकरी कानातल्यांची जोडी घेऊन आला. चंद्रकोरीच्या आकाराची, जाळीकामाची. कोरीच्या आत मधोमध एक इवलासा कलश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोर, एकमेकांकडे बघणारे. दीड हजार वर्षं मातीत राहूनही त्यांचं एकमेकांकडे बघणं संपलं नव्हतं. वडील तेव्हा लग्नाच्या वयाचे. मूस तापलेली होती. त्यांनी चिमट्यात एक कानातलं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. आजोबा ओरडले, "काय रे, मोर उडून जातील म्हणून थांबलास?" वडील म्हणाले, "बाबा, माझ्या मजुरीतून कापा. ही मी घेतो."

ती जोडी लग्नात आईच्या कानात आली. माझी आई पोलिक्सेनी दिसायला सुंदर होती, पण तिचे कान हळवे होते. लगेच चिघळायचे. म्हणून वडिलांनी मोरांना हातही न लावता फक्त वरच्या कड्या नव्या केल्या. तारेचं टोक आत वळवून त्याचा दवबिंदूएवढा गोल मणी केला, म्हणजे ते कानाला टोचू नये. दुनियेतल्या कुठल्याच सोनाराने अशी कडी केली नसती, कारण त्यासाठी सोनं जास्त लागतं आणि दिसायला ती बेंगरूळ दिसते. माझ्या आईला ती टोचायची नाही, एवढाच तिचा गुण. कृपा करून ही कडी लक्षात ठेवा. मला आज तिच्याबद्दलच भांडायचं आहे.

इस्तंबूलमध्ये जन्मलो, वाढलो, पण वडिलांचा पासपोर्ट ग्रीसचा. चौसष्ट साली तुर्की सरकारचा हुकूम आला की अशा लोकांनी देश सोडावा. एक पेटी आणि खिशात चार दिवसांपुरते पैसे. सोनं न्यायचं नाही. विचार करा, सोनाराला सांगितलं, सोनं न्यायचं नाही! मी तेव्हा नुकती शाळेतून बाहेर पडले होते, फ्रेंच नन्सच्या. धाकटा भाऊ पांडेलिस अजून शाळेत होता.

आमच्या समोरच्या दारात मुअल्ला हानम, म्हणजे मुअल्लाबाई, राहायची. शिवणकाम करायची. आई आणि ती सख्ख्या बहिणींसारख्या भांडायच्या. आदल्या संध्याकाळी आई तिच्याकडे गेली आणि कानातली काढून पुढ्यात ठेवली. मुअल्ला म्हणाली, "अगं वेडे, दोन्ही माझ्याकडे कशाला? एक ठेव, एक ने. जोडीतलं एक मागे ठेवलं ना, की माणसाला परत यावंच लागतं. माझ्या आजीने माझ्या आजोबांचा एक बूट लपवून ठेवला होता, म्हणून ते लढाईवरून परत आले."

आई म्हणाली, "एका बुटावर आले?"

"रांगत आले. पण आले ना!"

दोघी हसल्या आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत. एक कानातलं मुअल्लाच्या शिलाई मशीनच्या खणात गेलं. दुसरं आईच्या अंबाड्यात. बंदरावर झडती घेणाऱ्या बाईने आमच्या पेटीतला इस्टरचा पावसुद्धा मोडून बघितला. आईच्या अंबाड्याला तिने हात लावला, एक क्षण थांबली आणि म्हणाली, "केस छान आहेत. जा." तिला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. नियम तिलाही होता, पेटिफरसाहेब. तुमच्याहून कडक होता.

लंडनला मामांचा फरच्या कोटांचा कारखाना होता. वडील तिथे अस्तरं शिवू लागले. ज्या हातांनी मोरांच्या कड्या केल्या त्या हातांनी सशांची कातडी. त्यांनी तक्रार केली नाही. ते फार बोललेच नाहीत नंतर. आई मात्र रविवारी ते एक कानातलं घालायची, आणि कुणी विचारलं की सांगायची, "दुसरं घरी आहे." इथे राहून तिला किती वर्षं झाली, घर घेतलं, अंगणात लिंबाचं झाड लावलं, ते थंडीने मेलं, पुन्हा लावलं. पण 'घरी' म्हणजे कुठे, हे तिने शेवटपर्यंत बदललं नाही.

मुअल्लाची पत्रं यायची. "तुझे मोर मजेत आहेत, मी त्यांना रोज सुई-दोऱ्याच्या गोष्टी सांगते." वडिलांचं नाव काळ्या यादीत, त्यामुळे आम्हाला जाता येईना. जेव्हा जाता येऊ लागलं तेव्हा आई गेलेली, वडील गेलेले. पांडेलिस एकटा गेला. मुअल्लाही नुकतीच वारली होती. तिने मरेपर्यंत ते विकलं नाही, हे मला इथे ठणकावून सांगायचं आहे; शेवटी तिच्या घरात शेकायला कोळसा नव्हता, तरी विकलं नाही. पण तिच्या पुतण्याने मशीन विकलं, खणासकट. पांडेलिसने विचारलं तर म्हणाला, "म्हातारीच्या खणात काय, बटणं असतील."

माझा भाऊ परत आला आणि तुमच्या या हॉलमध्ये येऊन बसू लागला. मातीचं सोनं आज ना उद्या लंडनला येतं, हे सोनाराच्या मुलाला कळत होतं. लोक त्याला थोर संग्राहक म्हणतात. मघाशी डॉ. मॉर्टनही म्हणाल्या. साफ चूक. तो एकच वस्तू शोधत होता. बाकीचं सोनं त्याने केवळ संकोचापोटी घेतलं. मी ओरडायची, "अरे, मेलेल्या बायकांची कपाटं किती उपसशील? ज्या बाईने हे पहिल्यांदा घातलं तिला कुणी विचारलं होतं का?"

तो म्हणायचा, "ताई, तू जन्मभर मेलेली भाषा शिकवतेस ती चालते. आणि रोज दुकानात जाऊन बसायचं आणि काहीच घ्यायचं नाही, बरं दिसतं का?"

तर असा बरं दिसण्यासाठी त्याने अंगठ्या, क्रूस, साखळ्यांचा तो सगळा संग्रह जमवला. फरच्या धंद्यात मिळवलेलं सगळं त्यात घातलं. नजर बापाची होती, त्यामुळे खोटं कधी घेतलं नाही. मग व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की कुयुमजीने बोली लावली म्हणजे माल अस्सल. त्याने हात वर केला की दहा हात वर. म्हणून त्याने आणि पेटिफरसाहेबांनी एक खूण ठरवली. पांडेलिस खांबाजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसणार. डोळ्यांवर चष्मा आहे तोवर त्याची बोली चालू. चष्मा काढला की थांबला. मागे बसलेल्या मंडळींना वर्षानुवर्षं वाटायचं की म्हातारा पेंगतोय. होय, मिस्टर गॉडबी, तुम्हालाच म्हणतेय. तुमच्या नाकासमोरून तो त्या नीलमण्याच्या अंगठ्या घेऊन गेला.

या खुणेचे घोटाळेही व्हायचे. एकदा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवण्याच्या नादात चष्मा काढायचा राहिला आणि संध्याकाळी आमच्या घरी रोमन घोड्यांचे कांस्याचे लगाम पेटीभर आले. मी विचारलं, "घोडे मागाहून येणार आहेत का?" ते लगाम अजून माझ्या स्वयंपाकघरात आहेत. हातपुसणी वाळत घालायला बरे पडतात.

मग तो कॅटलॉग आला.

नाश्त्याची वेळ होती. पांडेलिसने पान माझ्यापुढे सरकवलं. सुवर्णाचं कर्णभूषण, जोडीतील एक, बायझंटाइन, मयूरयुग्म. आणि वर लिहिलेलं, 'एका सद्गृहस्थांच्या संग्रहातून'. माझ्या आईच्या कानाला तुम्ही सद्गृहस्थ म्हणालात! मी खूप विचार केला की हे सद्गृहस्थ कोण. शिलाई मशीन विकत घेणारा भंगारवाला? त्याच्याकडून बटणांत हे सापडलेला दलाल? की त्या दलालाचा दलाल? या धंद्यात बाई मेली, घर मोडलं, देश सुटला की शेवटी एक सद्गृहस्थ शिल्लक राहतो, आणि त्याला नाव नसतं.

खाली बारीक अक्षरात होतं, 'कडी अर्वाचीन. निकृष्ट दर्जाची दुरुस्ती'.

मी चाळीस वर्षं मुलींचे पेपर तपासले. 'निकृष्ट' हा शब्द मी मठ्ठातल्या मठ्ठ मुलीच्या पेपरावर लिहिला नाही. ती कडी म्हणजे एका माणसाने आपल्या बायकोच्या कानाला दुखू नये म्हणून केलेली गोष्ट होती, आणि तुमच्या तज्ज्ञांना तिच्यात फक्त बेंगरूळपणा दिसला. पण त्याच शब्दामुळे आम्हाला ओळख पटली, हेही खरं. फोटोत तारेच्या टोकाचा तो मणी स्पष्ट दिसत होता.

"आपलंच आहे," मी म्हटलं. "जाऊन सांग त्यांना."

"कागद मागतील, ताई."

"मग?"

"मग आपल्याकडच्याचाही कागद मागतील. आईचा अंबाडा कुठून आणू?" आणि मग तो हसला. किती वर्षांनी तसा हसला होता! "सांगायचं कशाला? विकत घेऊ. आपलं असलं म्हणून काय झालं, विकत घेऊ."

त्याने घर गहाण टाकायची तयारी केली. मी सही केली. एका कानातल्यासाठी घर! पण मी एका शब्दाने बोलले नाही, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटणार नाही.

मी एरवी लिलावांना जात नसे. त्या दिवशी गेले. तो खांबाजवळ, शेजारी मी. त्याने नवा कोट घातला होता आणि आईचं कानातलं लोकुमच्या, म्हणजे तुर्की मिठाईच्या, एका डबीत, आतल्या खिशात आणलं होतं. म्हणाला, "दोघांची इथेच भेट घालून देऊ. घरी जाईपर्यंत कशाला थांबायचं?"

शिपायाने मखमलीच्या तबकात ते आणलं. मांडून ठेवलं असतं तर काही झालं नसतं. पण लोकांना जाळीकाम दिसावं म्हणून त्याने ते कडीला धरून वर उचललं आणि ते हललं. दागिना नुसता असणं वेगळं आणि हलणं वेगळं. आई मान वळवून हाक मारायची तेव्हा ते तसं हलायचं. पांडेलिसने माझा हात धरला.

बोली चढत गेली. हॉलमधले एकेक गळाले. शेवटी उरला पांडेलिसचा चष्मा आणि फोनवरचा कुणीतरी. पेटिफरसाहेब एकदा फोनकडे बघत, एकदा चष्म्याकडे. आमच्या तयारीच्या आत होतं सगळं, अजून बरंच आत होतं.

आता मी तुम्हाला आमच्या नन्सबद्दल सांगते. सिस्टर आम्हाला सांगत, "मुलींनो, चारचौघांत डोळे पुसायचे नाहीत. अश्रू हे घरी न्यायचं सामान आहे." आम्ही ते शिकलो. मी आईच्या अंत्यविधीला ताठ उभी होते. पण पांडेलिस मुलांच्या शाळेत शिकला. त्याला हिशेब शिकवला, व्याकरण शिकवलं. हे कुणी शिकवलं नाही. त्याच्या चष्म्याच्या काचा आतून भरून आल्या. त्याला समोरचं काही दिसेना. आणि माझा भाऊ, ज्याने या खुणेवर अर्धं आयुष्य काढलं, एका क्षणासाठी ती खूण विसरला. त्याने चष्मा काढला आणि रुमालाने डोळे टिपले.

हातोडा पडला.

पांडेलिस उभा राहिला. "नाही, नाही," तो म्हणाला. "मी थांबलो नाही. मी नुसते डोळे पुसत होतो."

हॉल हसला. त्यांना वाटलं, म्हातारा झोपेतून जागा झाला. पेटिफरसाहेब हसले नाहीत, हे मी मान्य करते. ते म्हणाले, "माफ करा, सर. हातोडा पडला." आणि पुढच्या वस्तूचा क्रमांक पुकारला. त्याच सुंदर आवाजात.

नंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्ही त्याला रडताना पाहिलंत."

"मॅडम, मी चष्मा पाहिला."

"चष्म्याच्या मागे डोळे होते."

"एकासाठी बोली पुन्हा उघडली तर उद्या प्रत्येक जण रुमाल घेऊन येईल. फोनवरच्या गिऱ्हाइकावर तो अन्याय झाला असता."

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मी घरी जाऊन तुमच्या कॅटलॉगच्या मागच्या पानावरच्या अटी वाचल्या. या हॉलमधल्या किती जणांनी त्या वाचल्या आहेत? त्यात स्वच्छ लिहिलंय की शंका आल्यास बोली पुन्हा उघडण्याचा अधिकार लिलाव पुकारणाऱ्याचा आहे आणि त्याचा निर्णय अंतिम. म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी होता. बंदरावरच्या त्या बाईकडे तर तोही नव्हता. शंका आल्यास! पेटिफरसाहेब, तुम्हाला शंकासुद्धा आली नाही?

पांडेलिस पुन्हा या हॉलमध्ये आला नाही. संग्रहातल्या वस्तू त्याने कपाटात ठेवून दिल्या आणि बघितल्या नाहीत. फरचा कारखाना कधीच बंद झाला होता. तो लिंबाच्या झाडाजवळ खुर्ची टाकून बसायचा, बिनचष्म्याचा. मी म्हणायची, "अरे, निदान पेपर तरी वाच." तो म्हणायचा, "आता कशाला लावू? उगाच काहीतरी विकत घेऊन बसेन." विनोद होता तो. आम्ही दोघंही त्यावर हसायचो. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला आणि झाडही गेलं. या वेळी मी पुन्हा लावलं नाही.

त्याचा संग्रह याच घराने विकला. मीच दिला, कारण दुसरीकडे तरी कोण मोठे संत बसले आहेत? मसुदा आला, वर लिहिलेलं, 'एका सद्गृहस्थांच्या संग्रहातून'. मी लाल पेन काढला. म्हटलं, पांडेलिस कुयुमजी असं छापा, नाही तर मी माल परत नेते. तुम्ही छापलंत. आभारी आहे. त्याला तरी नाव राहिलं.

त्याच्या अंत्यविधीला एक उंच गृहस्थ मागच्या खांबाशी उभे होते. आमच्याकडे नंतर गव्हाचा प्रसाद वाटतात, डाळिंबाचे दाणे घातलेला. त्यांनी तो घेतला आणि उभ्याउभ्या सगळा खाल्ला. लोक सहसा एक चमचा खाऊन ठेवून देतात. त्यांनी कागदाला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा खाल्ला आणि ते निघून गेले. ते पेटिफरसाहेब होते. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, तेही मी पाहिलं. माझे डोळे अजून चांगले आहेत. आणि म्हणूनच आज मी आले. सँडविचसाठी नाही, ती, यजमानांची क्षमा मागून सांगते, मागच्या लिलावातली वाटतात.

आता जे मागायचं ते मागते.

फोनवरचं ते गिऱ्हाईक कोण, हे मला सांगू नका. सांगायचं नसतं, मला माहीत आहे. मी तुमच्या कार्यालयामार्फत त्यांना निरोप पाठवून पाहिले. आधी विकत मागितलं, मग नुसतं एक दिवस शेजारी ठेवू द्या म्हटलं. उत्तर नाही. मी त्यांना दोष देत नाही, म्हणजे देते, पण थोडा. त्यांना वाटत असेल, म्हातारी चिवट आहे, एकदा हातात आलं की सोडणार नाही. खरंच आहे ते.

पण परवा आरशासमोर ही डबी उघडून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी, पांडेलिस, आम्ही दोघांनी आयुष्यभर एकच चूक केली. आम्हाला वाटलं, दुसरं आपल्याकडे आलं पाहिजे. मुअल्लाने तसं कुठे म्हटलं होतं? ती म्हणाली होती, जोडीतलं एक मागे राहिलं की परत जावं लागतं. परत जायचं होतं ते आम्ही. आणि आता जायचं तर ते दुसरं जिथे आहे तिथेच जावं लागणार. तिथे मला कोण ओळखणार, पण मोर ओळखतील एकमेकांना.

म्हणून हे मी कानातून काढते आहे. जरा थांबा. वडिलांची कडी टोचत नाही, पण लवकर सुटतही नाही. हं.

पेटिफरसाहेब, हे मी तुमच्यासमोर, तुमच्या त्या हातोड्याशेजारी ठेवते. हे त्या गिऱ्हाइकाला नेऊन द्या. विकायचं नाही, दान आहे. अटी दोनच. ही जोडी पुन्हा कधी फोडायची नाही. आणि वरच्या कड्या बदलायच्या नाहीत. कितीही निकृष्ट असल्या तरी. उद्यापासून तुम्ही या घराचे नोकर नाही, तुम्हाला ना कॅटलॉग आहे ना अटी. एका माणसाने दुसऱ्याच्या दारात जाऊन घंटी वाजवायची, एवढंच काम आहे. आणि ते मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, कारण पांडेलिसचा चष्मा वाचता येणारा या हॉलमध्ये दुसरा कुणी नव्हता.

तुम्हाला इथे सगळ्यांसमोर बोलायला लावत नाही. आपली जुनी खूण आहेच, आणि आता तुमच्याही डोळ्यांवर चष्मा आहे. तयार असाल तर चष्मा तसाच राहू द्या. नसाल तर काढा. मी राग धरणार नाही. म्हणजे धरेन, पण सवय आहे मला.

...

अध्यक्षमहाराज, थांबा. बसा आपण. मिस्टर गॉडबी, कुजबुज नको. होय, त्यांनी चष्मा काढला, सगळ्यांना दिसलं. मलाही दिसलं. पण त्यांच्या हातात रुमाल आहे, तोही मला दिसतो आहे. कुणीही काही ठरवायचं नाही. माणूस डोळे पुसतो आहे. आपल्याला कुणालाही घाई नाही. मी उभी आहे. हवा तेवढा वेळ उभी आहे.

...

लावला.

आभारी आहे, पेटिफरसाहेब. पांडेलिसच्या वतीनेही आभारी आहे.

आता समारोप. अध्यक्षांनी मला मध्ये थांबवलं नाही, आपण सर्वांनी एका तापट बाईला इतका वेळ ऐकून घेतलं, श्रीमती पेटिफर माझ्याकडे रागाने बघत होत्या त्या आता बघत नाहीत, या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला; व्याकरणाची चूक झाली असेल तर मात्र मला सांगा. सत्कारमूर्तींना निवृत्तीत उत्तम आरोग्य लाभो आणि त्यांची दृष्टी अशीच राहो.

आणि जाताना दारातल्या त्या मुलीने माझे दोन्ही कान रिकामे बघून पुन्हा विचारलंच, तर माझी काळजी करू नका. मला आता उत्तर येतं. मी सांगेन, "नाही गं, पडली नाहीत. दोन्ही घरी आहेत."